बायजाबाईची मुलाखत बाकी

मे महिन्यात रोज सकाळी सात वाजता माझ्या मोबाईलवर एक लाल पट्टी यायची. ‘बायजाबाई गजभिये. मुलाखत बाकी.’ मी ती बोटानं बाजूला सारायची आणि चहाचं आधण ठेवायची. बायजाबाई समोरच्या घरात राहायची. माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत मोजून अकरा पावलं. ती जानेवारीत वारली हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, फक्त मोबाईलला ठाऊक नव्हतं.

मी सर्वेवाली. नाव सरिता रामटेके, वय सेहेचाळीस, राहणार नंदनवन, नागपूर. एकोणीस वर्षं झाली लोकांची दारं वाजवते. पोलिओ झाला, संडास झाले, साबण कोणता वापरता झालं, मत कोणाला देणार तेही झालं. लोक तोंडावर खोटं बोलतात आणि मी ते खरं म्हणून लिहून घेते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकले, माणूस साबणाबद्दलही खोटं बोलतो.

या खेपेचा सर्वे मात्र वेगळा होता. चिन्मयी मॅडम म्हणून पुण्याकडची एक पोरगी, फार हुशार आणि फार गोड बोलणारी, ती शोध घेत होती की माणसं माणसांशी संबंध का जोडतात. घराघरातून एकाला विचारायचं, अडीनडीला तुम्ही कोणाकडे जाता? पाच नावं सांगा. मग प्रत्येक नावापुढे कारण. कारणांना आकडे दिलेले होते. एक म्हणजे रक्ताचं नातं, दोन शेजार, तीन कामधंदा, चार केलेल्या मदतीची परतफेड, पाच मोठ्या माणसाची ओळख, सहा सवय. यातलं काहीच नसेल तर सात, इतर. आणि गल्लीतल्या ज्याचं नाव कोणी घेतलं, त्याचीही मुलाखत घ्यायचीच. ती राहिली की लाल पट्टी.

“सरिताताई, एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं की नकाशात एक बाण जातो,” मॅडमनं शिकवणीच्या दिवशी फळ्यावर काढून दाखवलं. “दुसऱ्यानंही पहिल्याचं घेतलं की बाण दोन्हीकडून. असे दोन्हीकडचे बाण फार कमी असतात हां.”

सरावासाठी आम्ही बायांनी स्वतःचा फॉर्म भरायचा होता. बाकीच्या भराभर नावं टाकत होत्या. मी पहिल्याच चौकटीवर अडले. तिथं टाकायचं नाव होतं प्रेमानंद, माझा नवरा. पण फॉर्म विचारत होता, ‘ही व्यक्ती हयात आहे का?’ आणि माझा प्रेमानंद चार महिन्यांमागं गेला होता. मूलबाळ नाही, भाऊ भंडाऱ्याला आणि त्याच्याशी बोलणं नाही. मी फॉर्म कोराच ठेवला आणि मॅडमला म्हटलं, नेट गेलं.

मग मी हट्टानं स्वतःचीच गल्ली मागून घेतली. मॅडमला सांगितलं की ऊन फार आहे, जवळ पडेल. ते खोटं. मला माझं नाव ऐकायचं होतं. एकसष्ट घरं, तीनशे पाच नावं. त्यात एक तरी माझं निघेल आणि निघालं की मी झोपू शकेन, असं मला वाटत होतं. न निघण्याला कारण होतं, आणि ते कारण मीच होते.

त्यासाठी आधी आमच्या गल्लीतली डब्याची रीत सांगावी लागेल. कोणाकडे मौत झाली की त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. पहिला डबा बाहेरून येतो, आणि गेली पस्तीस वर्षं तो बायजाबाईच्याच घरून यायचा. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची ती. नवरा तरुणपणी गेलेला, एकुलता एक मुलगा प्रीतम पुण्याला. तीन खणांचा स्टीलचा डबा, झाकणावर टोचून घातलेलं नाव, ‘बा. गजभिये’. खाली खिचडी, मधे पिठलं, वर पोळ्या. एरवी शेजारचं भांडं आपण रिकामं परत देत नाही, निदान चिमूटभर साखर तरी टाकतो. पण मौतीचा डबा रिकामाच परत जातो. घासून, पुसून, रिकामा. तो भरून परत केला तर मौत त्याच्यासोबत त्या घरी जाते म्हणतात.

हे कोणी ठरवलं, कोणालाच माहीत नाही. आम्ही बौद्ध माणसं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा असला शकुन-अपशकुन मागंच टाकून दिला. घराघरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि विचारलं तर गल्लीतला एकही माणूस म्हणणार नाही की मी असलं काही मानतो. मीही नाही मानत. तरी डबा आजवर कोणीही भरून परत केला नव्हता.

मी केला.

प्रेमानंद लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होता. आठ जानेवारीला दुपारी कामावरच छातीत कळ आली आणि पडला. मालकानं दवाखान्यात नेलं, मला बोलावून घेतलं. मी बाहेरच्या बाकड्यावर अडीच तास बसले होते. आत इलाज सुरू आहे, असंच मला सांगत होते. तो रस्त्यातच गेला होता. मशीनवरच्या माणसांनी गल्लीत फोन करून सांगून टाकलं, मला सोडून सगळ्यांना समजलं. संध्याकाळी मी त्याला घेऊन घरी आले तर उंबऱ्यावर डबा. हात लावला, गरम. मी बाकड्यावर बसून नवरा वाचावा म्हणत होते तेव्हा हिनं इकडे कुकर लावला होता. तो डबा पाहून माझ्या डोक्यात जे गेलं ते बारा दिवस निघालं नाही.

बाराव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं जेवून गेली. पातेल्यात भात होता, वांग्याची भाजी होती, बुंदी होती. मी तिन्ही खण गच्च भरले आणि अकरा पावलं चालून तिच्या दारात उभी राहिले.

“हा घ्या तुमचा डबा,” मी म्हटलं.

तिनं हातात घेतला. जड लागल्यावर माझ्याकडे पाहिलं. “भरून आणला वं?”

“हो, भरून आणला. माझा माणूस घरी यायच्या आधी तुमचा डबा घरी आला. तुमाले कोणी मेलं की बरं वाटते ना?”

ती डबा छातीशी धरून उभी राहिली. यमुताई शेजारच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, तिनं सगळं ऐकलं. म्हणजे गल्लीनंच ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाईचं दार उघडलं नाही. नऊ वाजता मीच माणसं बोलावून कडी तोडली. खाटेवर होती, कुशीवर, झोपल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, वय झालं होतं. मी मान डोलावली. पण त्या दिवसापासून बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी रोज स्वतःला सांगत होते की असं काही नसतं, आणि सांगताना माझा आवाज मलाच खोटा लागत होता.

तर सर्वे. पहिलंच घर यमुताईचं. सत्तर ओलांडलेली बाई, जीभ मात्र विशीची. मुलगा, सून, राशनवाला, नगरसेवकाचा माणूस. चार झाले.

“पाचवं?”

“बायजाबाई लिही.”

“यमुताई, बायजाबाई गेली.”

“गेली तं गेली. तू काय इचारलं? अडीनडीले कोण येते. तेच येत होती. दुसरं कोण येते, सांग बरं मले.”

“जिवंत माणसाचंच नाव चालते.”

“मंग पाचवं कोरं सोड.”

पाचवं कोरं सोडलं तर फॉर्म पुढे जात नव्हता. मी बायजाबाईचं नाव टाकलं. ‘ही व्यक्ती हयात आहे का?’ याला ‘हो’ दाबलं, कारण ‘नाही’ दाबलं की नाव पुसलं जायचं. कारण सात, इतर. एक घर निपटलं, असं म्हणून मी उठले. चूक तिथंच झाली. आणि मलाही आतून जरा बरंच वाटलं की पाचव्या चौकटीत दुसरी कोणी जिवंत बाई बसली नाही.

पुढच्या घरांतून मजा पाहायला मिळाली. माणसं कोणाशी का बोलतात हे आकड्यात लिहिलं की फार नागडं दिसतं. तीन घरांनी कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या ठेकेदाराचं नाव सांगितलं. तो आमच्याच गल्लीत कोपऱ्यावर राहतो. तिघांचीही पोरं त्याच्या हाताखाली लागायची होती आणि तिघंही त्याला पाठीमागं शिव्या देत होते. ठेकेदाराला विचारलं तर त्यानं या तिघांतलं एकही नाव घेतलं नाही. तो सगळा वेळ वरच बघत होता. एका बाईनं जिचं नाव घेतलं ती तिच्याशी गेल्या दिवाळीपासून भांडून होती. मी विचारलं, मग नाव काहून? तर म्हणे, “फ्रीज तिच्याच घरी हाये ना.” पाच नंबरच्या कारणानं सगळे वर बघतात, चार नंबरच्या कारणानं सगळे एकमेकांच्या मागं लागलेले. मी मनातल्या मनात हसत होते. आणि अर्ध्याहून जास्त दारांत पाचव्या नावाला तोंडं तशीच व्हायची. जरा थांबायचे, माझ्या खांद्यावरून त्या कुलूप लावलेल्या घराकडे पाहायचे आणि म्हणायचे, बायजाबाई.

मिनल तर दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली पोरगी. तिनंही तेच नाव घेतलं.

“तुले काय माहीत वं बायजाबाई?”

“काकू, माझी आई वारली तेव्हा माझ्या सोबतीले कोणीच नव्हतं घरात. बायजाबाई आल्या कळमेश्वरपर्यंत. एसटीनं, मांडीवर डबा घेऊन. रस्ताभर एक शब्द नाही बोलल्या.” मिनल रडायला लागली. “कारण काय लिहिसान?”

“सात,” मी म्हटलं.

गल्लीतच राहणारी मी तिथं बसलेली, हातात मोबाईल, तिच्या घरचं पाणी पिऊन. माझं नाव तिला सुचलं नाही. कोणालाच सुचलं नाही. एकसष्ट घरं झाली. बायजाबाई चौतीस वेळा. मी एकदाही नाही.

त्याच दिवशी चिन्मयी मॅडमचा फोन आला. “सरिताताई, ग्रेट काम! नकाशात तुमच्या गल्लीत एक मोठा गोळा दिसतोय, बायजाबाई गजभिये. सगळे बाण तिच्याकडेच. तिची मुलाखत का राहिली?”

“मॅडम, ती वारली.”

“म्हणजे सर्वे चालू असताना?”

“नाही. जानेवारीत.”

“मग लोकांनी तिचं नाव कसं घेतलं?”

“तुमच्या आकड्यात कारण आहे ना. सात.”

मॅडम म्हणाल्या, ती सगळी नावं काढून टाका आणि त्या घरांना पुन्हा विचारा. मी हो म्हटलं. पण केलं नाही. चौतीस घरांत पुन्हा जाऊन विचारायचं आणि पुन्हा माझं नाव नाही ऐकायचं, एवढी माझी छाती नव्हती.

मग ती लाल पट्टी सुरू झाली. नागपूरचा मे म्हणजे दुपारी बाराला गल्ली मरते. माणूस नाही, कुत्रं नाही, फक्त कूलर. अशा वेळी समोरच्या बंद घरातून आवाज यायचा. टक्. मग जरा वेळानं टक् टक्. डब्याचे खण एकावर एक बसवावे तसा. तिच्या घराला टिनाचं छप्पर आहे, टीन तापलं की वाजतं, हे मला माहीत आहे. माझ्याही मोरीवर टीन आहे, तेही वाजतं. पण मी खिडकीशी उभी राहून मोजायची. तीन वेळा वाजलं की तीन खण. मग झाकण. एके दिवशी झाकणाचा आवाज आलाच नाही आणि मी अर्धा तास घामानं निथळत त्याची वाट पाहत उभी राहिले. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, सरिता गेली कामातून.

शेवटी मी यमुताईलाच धरलं. तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, “यमुताई, माझं नाव कोणी काहून नाही घेतलं?”

ती तांदूळ निवडत राहिली. “तू तं इचारणारी. तुझं नाव कोण घेईन?”

“ते सोडा. खरं सांगा.”

तिनं सूप खाली ठेवलं. “खरं सांगू? लोकं भेतेत तुले. तू भरून दिला डबा आन तिसऱ्या दिवशी बाई गेली. आमी नाही मानत वं असलं काही. पन तुझ्या घरचं भांडं आता कोण घेईन?”

“मी मारली का तिले?”

“मी कुठी म्हटलं?” यमुताई म्हणाली. “तूच तं म्हणून राहिली.”

मी घरी आले आणि खूप रडले. प्रेमानंद गेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा राग होता, रागानं माणूस उभा राहतो. आता राग कोणावर करायचा? ज्या बाईवर केला ती मेली, आणि मरूनही चौतीस घरांत तिची जागा होती. मी जिवंत असून एकाही घरात नव्हते.

सव्वीस मेला बायजाबाईच्या दाराचं कुलूप निघालं. प्रीतम आला होता. अडतीस वर्षांचा पोरगा, अर्धं डोकं पांढरं झालेलं. मौतीच्या वेळी तीन दिवस राहून गेला होता, तेव्हा मी दार लावून बसले होते. डबा देणारीच गेली होती, तेव्हा समोरच्या घरानं त्याला डबा द्यायला हवा होता. मी नाही दिला, आणि मी नाही दिला म्हणून कोणीच नाही दिला. आता तो घर रिकामं करायला आला होता. मी खिडकीतून त्याला भांडी बाहेर काढताना पाहत होते. मोबाईलवर पट्टी होतीच. मी ठरवलं, जायचं. जे होईल ते होईल.

“काकू, या,” तो म्हणाला. “बसायले काही नाही, पाट आहे.”

मी पाटावर बसले. ओटा धुळीनं भरला होता. वर टिनाचं छप्पर वाजलं, टक्, आणि मी दचकले.

“तुझ्या आईची मुलाखत बाकी आहे,” मी म्हटलं. मग त्याला सगळा सर्वे सांगितला. चौतीस नावं, मोठा गोळा, पट्टी. ऐकताना तो भिंतीकडे पाहत होता.

“चौतीस?” तो म्हणाला. “आईले माहीत असतं तर घरोघरी जाऊन सांगितलं असतं तिनं.”

“तिच्या वतीनं तू नावं सांग. अडीनडीला ती कोणाकडे जायची?”

“कोणाकडेच नाही, काकू.”

मग मला राहवलं नाही. “प्रीतम, मी तिचा मौतीचा डबा भरून परत केला होता. वाईट बोलले तिला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तुला कोणी सांगितलं की नाही माहीत नाही, म्हणून मी सांगते.”

“माहीत आहे मले.”

“कोणी सांगितलं? यमुताईनं?”

“आईनं.” त्यानं खिशातून मोबाईल काढला. “आईले टाईप करता येत नव्हतं, बोलून पाठवायची. हा तिचा शेवटचा. तेव्हा मी कामात होतो, नंतर ऐकू म्हटलं. मग तो ऐकायच्या आधी फोनच आला, आई गेली म्हणून.” त्यानं बोट ठेवलं आणि बायजाबाई त्या रिकाम्या घरात बोलायला लागली.

“प्रीतम, जेवला का रे? मी जेवली. आज गरम जेवली आन मी नाही रांधलं. समोरच्या सरितानं डबा परत केला, भरून. भात, वांग्याची भाजी, वर बुंदी. रागात होती बिचारी. म्हणे, तुमाले कोणी मेलं का बरं वाटते.” इथं ती हसली. तिचं हसू मी विसरले होते. “आता तिले काय सांगू? खरंच बोलली ना ते. बरं वाटते मले. लग्नाले बोलावणं लागते बापू, मौतीले नाही लागत. डबा हातात असला का कोणाच्याबी घरात जाता येते, लोकं बस म्हणते. नाही तं मले कोण बस म्हणते? पस्तीस साल झाले, रिकामेच डबे येते मले. एखादीनं तरी भरून द्यावा असं वाटे, पन मौतीचा डबा कोण भरून देते? हिनं देला. रागानं का होईना, देला. लोकं म्हणतीन, त्याच्यासंगं मौत येते. येते तं येऊ दे. रिकाम्या हातानं तं नाही येऊन राहिली ना.” मग खोकला, आणि भांड्याचा आवाज, टक्, खण बसवल्याचा. “आता तिले मी बी डब्यात काही टाकून देईन. हा मौतीचा नाही राहिला आता, आमच्या दोघीचा झाला. तू थंडीत फिरू नको, बरं.”

संपलं. प्रीतमनं मोबाईल खाली ठेवला. मी तोंडात पदर कोंबून बसले होते.

“वरच्या खणातली बुंदी राहिली होती,” तो म्हणाला. “एका वाटीत काढून ठेवली होती तिनं. ते तीन दिवस मी तीच खाल्ली. दुसरं काही आलं नाही कोणाकडून.”

त्यानं दारामागच्या खिळ्यावरून एक कापडी पिशवी काढली. आत डबा होता. ‘बा. गजभिये’. घासून लख्ख केलेला, वरून चार महिन्यांची धूळ. “हा तिनं तुमच्यासाठीच भरून ठेवला होता. तेव्हा मले समजलं नाही. नंतर हे ऐकल्यावर समजलं.”

मी डबा हातात घेतला. खालचा खण जड होता. हलवला तर आत काहीतरी खडखडलं. साखर असावी, बंद डब्यात राहून तिचा दगड झालेला.

मी उठून दारात आले तर समोर यमुताई. ओट्यावरून तिनं पिशवी ओळखली आणि उठून उभी राहिली.

“काय देऊन राहिला तो?”

“बायजाबाईनं पाठवलं,” मी म्हटलं.

“भरलेला हाये?”

“हो.”

“सरिता, नको घेऊ वं.” यमुताईचा आवाज खरोखर कापत होता, आणि ते माझ्यासाठी होतं. “मौतीच्या घरचा भरलेला डबा हाये तो. ठेव तिथीच. माय, ऐक माझं.”

मी अकरा पावलं चालले. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नाही. प्रत्येक पावलाला आत साखर खडखडत होती. घरात येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि त्या दिवशी उघडला नाही. मग मोबाईल घेतला आणि बायजाबाईची मुलाखत भरली. नाव एक, सरिता रामटेके. कारण, सात. बाकीच्या चार चौकटींत मी मनानंच गल्लीतली नावं भरून टाकली. एकोणीस वर्षं लोकांचं खोटं लिहिलं, चार नावं माझीही चालतील. लाल पट्टी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मोबाईल वाजला. मी उशाशीच ठेवला होता. लाल पट्टी होती.

‘सरिता रामटेके. मुलाखत बाकी.’

मी उठून बसले. मग समजलं, ज्याचं नाव कोणी घेतलं त्याची मुलाखत राहिली की पट्टी येते, एवढंच. माझा फॉर्म मी कोराच सोडला होता. एकसष्ट घरांत कोणी घेतलं नाही ते माझं नाव शेवटी एका बाईनं घेतलं होतं, आणि ती कुठून घेते आहे हे मोबाईलला कळत नव्हतं.

मी दार उघडलं. समोरचं घर प्रीतमनं पुन्हा कुलूप लावून ठेवलं होतं. यमुताई माझ्या दाराकडे बघतच बसली होती, मी उठते की नाही ते पाहायला. मी उंबऱ्यावर बसून फॉर्म उघडला. पहिल्या चौकटीत नाव टाकलं, बायजाबाई गजभिये.

‘ही व्यक्ती हयात आहे का?’

मी ‘हो’ दाबलं. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, डबा उघडला, साखरेचा खडा बत्त्यानं फोडला आणि दोन कप होतील एवढी साखर आधणात टाकली.